‘अँटिव्हायरस कोणता घेऊ?’ या प्रश्नाच्या आधी

घरात नवा लॅपटॉप घेतला जातो तेव्हा सुरक्षेचा विषय बहुधा दुकानातच निघतो आणि दुकानातच संपतो. बिल करता करता दुकानदार विचारतो, अँटिव्हायरस कोणता टाकू? मग एक वर्षाचा की तीन वर्षांचा, एका मशीनचा की तीन मशीनचा, एवढी घासाघीस होते. डबा पिशवीत पडतो आणि एक काम हातावेगळे झाल्याच्या समाधानात मंडळी घरी जातात. त्या डब्याबद्दल या पुस्तकाची मोठी तक्रार नाही. तक्रार आहे ती काम हातावेगळे झाल्याच्या समजुतीबद्दल. ज्या धोक्यासाठी अँटिव्हायरस जन्माला आला तो धोका आणि घरच्या माणसाचे पैसे, फोटो, कागदपत्रे आज ज्या वाटेने जातात ती वाट, यांत गेल्या वीसेक वर्षांत फार अंतर पडले आहे. अँटिव्हायरस हा बचावाचा शेवटचा थर. आपण त्याला पहिला आणि पुष्कळ घरांत एकमेव थर करून ठेवला आहे. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्यावर उभी आहेत, तेव्हा ते पुराव्यांसह आणि त्यावरच्या आक्षेपांसह आधीच मांडलेले बरे.

अँटिव्हायरसला हे मानाचे पान उगाच मिळालेले नाही. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस समजला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसे, आणि त्याच्या पोटात त्याच्या कर्त्यांची नावे, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेले होते. आजच्या चोराकडून एवढ्या सौजन्याची अपेक्षा करता येत नाही. त्यानंतरची दहा-बारा वर्षे फ्लॉपी हेच व्हायरसचे वाहन होते. कॉलेजच्या लॅबमधून डीटीपीच्या दुकानात, दुकानातून घरी अशा फ्लॉप्या फिरत आणि प्रत्येक फेरीत एखादे मशीन बसे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभे केले ते याच गरजेतून. बिघडलेले मशीन दुरुस्तीला येई आणि निदान बहुतेकदा व्हायरसचे निघे. १९९९ च्या २६ एप्रिलला ‘सीआयएच’ या तैवानी व्हायरसने ठरल्या दिवशी हार्ड डिस्कवरची माहिती तर पुसलीच, काही मशीनचा बायोसही खराब करून मदरबोर्ड निकामी केले. अशा काळात अँटिव्हायरस नसणे हा शुद्ध निष्काळजीपणा होता. आपल्या मनात बसलेला सल्ला त्या काळचा आहे आणि त्या काळापुरता तो बरोबरच होता.

आता तो सल्ला अपुरा का पडतो हे समजायला अँटिव्हायरस आत काय करतो ते पाहावे लागते. मूळ पद्धत ओळखपरेडीची. एखादी घातक फाइल कंपनीच्या हाती लागली की तिच्यातला ठरावीक भाग नमुना म्हणून टिपून घ्यायचा, तो नमुना सगळ्या ग्राहकांच्या मशीनवर पाठवायचा आणि येणारी प्रत्येक फाइल त्याच्याशी ताडून पाहायची. सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये सराईत चोरांचे फोटो लावून ठेवावेत तसा हा कारभार: फोटोतला माणूस आला की अडवायचा, फोटो नसलेला आला तर सलाम ठोकून आत सोडायचा. याची मर्यादा कंपन्यांनाही ठाऊक होती, म्हणून पुढे फाइलच्या वागण्यावर नजर ठेवणे आले, संशयित फाइल कंपनीच्या सर्व्हरकडून तपासून घेणे आले. तरीही घातक फाइल बनवणारा तिच्यात रोज थोडा फेरफार करून ती नव्याने सोडू शकतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही चाचणी संस्था रोज साडेचार लाखांहून अधिक नवे घातक किंवा नकोसे प्रोग्राम नोंदवते, ते यामुळेच. संगणकातला व्हायरस ही कल्पना शास्त्रीय रीतीने मांडणारे फ्रेड कोहेन यांनी ऐंशीच्या दशकातच गणिताने दाखवून दिले होते, की कुठलाही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही. २०१४ साली तर नॉर्टन विकणाऱ्या सिमँटेकच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, ब्रायन डाय यांनी, अँटिव्हायरस आता संपल्यात जमा आहे आणि तो जेमतेम ४५ टक्के हल्ले पकडतो, असे वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितले. बोलणाऱ्याला कंपनीची नवी सेवा विकायची होती, त्यामुळे आकडा थोडा हात राखूनच घ्यावा. पण विक्रेता स्वतःच्या मालाबद्दल असे बोलतो तेव्हा कान टवकारायलाच हवेत.

जाणकार स्वतः काय करतात? २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी याची एक साधी पाहणी प्रसिद्ध केली. संगणक सुरक्षा हाच व्यवसाय असलेली २३१ माणसे एका बाजूला आणि २९४ सामान्य वापरकर्ते दुसऱ्या बाजूला. दोघांनाही प्रश्न एकच: ऑनलाइन सुरक्षित राहण्यासाठी तुम्ही करता त्या सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टी कोणत्या? सामान्य वापरकर्त्यांपैकी ४२ टक्क्यांनी अँटिव्हायरसचे नाव घेतले. जाणकारांत ते घेणारे अवघे ७ टक्के होते. उलट अपडेट वेळेवर टाकण्याचा उल्लेख जाणकारांपैकी ३५ टक्क्यांनी केला आणि सामान्यांपैकी २ टक्क्यांनी. पाहणी आपल्याकडची नव्हे, आणि माणसे सांगतात तसे वागतातच असेही नाही. शिवाय जाणकार मंडळी अँटिव्हायरस वापरतच नाहीत असा अर्थ यातून काढणे चूक ठरेल, कारण प्रश्न पहिल्या तीन गोष्टींचा होता. पण ३५ आणि २ यांतली दरी एवढी मोठी आहे की ती तपशिलाच्या फरकाने भरून निघत नाही. जाणकाराच्या यादीत जे सर्वांत वर आहे ते घरगुती यादीत जवळजवळ नाहीच.

अपडेटला एवढे महत्त्व का, हे ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामच्या तारखांवरून दिसते. विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याच्या यंत्रणेत एक दोष होता. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी अपडेटमधून फुकट दिली. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने तयार केलेले आणि तिच्याकडून चोरीला गेलेले त्या दोषाचा फायदा घेणारे हत्यार पुढच्या महिन्यात इंटरनेटवर उघड झाले, आणि १२ मेला त्याच हत्याराच्या जोरावर वॉनाक्राय सुटला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक मशीनच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या, आणि पडद्यावर ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरण्याची लाल चौकट आली. यात कोणी चुकीची लिंक दाबलेली नव्हती, कुठली अटॅचमेंट उघडलेली नव्हती. मशीन चालू होते, नेटवर्कवर होते आणि दोन महिन्यांपूर्वीचे अपडेट त्यावर नव्हते, एवढेच पुरले. बाधित मशीनपैकी बहुतेक विंडोज ७ वर चालत होती, म्हणजे ज्यांच्यासाठी दुरुस्ती तयार होती अशीच होती. ज्याने ‘नंतर आठवण करून द्या’ हे बटण साठ दिवस दाबले त्याचे नुकसान झाले आणि ज्याने एकदा रीस्टार्ट होऊ दिले तो सुटला. या दोघांत फरक पाडणारी गोष्ट डब्यात विकत मिळत नव्हती.

इथे चौकस वाचक अडवील आणि त्याने अडवावेच. अपडेट हीच जर चोराची वाट झाली तर? ही शंका हवेतली नाही. वॉनाक्रायनंतर जेमतेम दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी आलेला ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधल्या ‘एमईडॉक’ या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला. त्याची झळ थेट उरणपर्यंत पोचली: मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. त्याच वर्षी ‘सीसीक्लीनर’ या घरोघरी वापरल्या जाणाऱ्या सफाई-सॉफ्टवेअरची दूषित आवृत्ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरून वाटली गेली आणि २० लाखांहून अधिक मशीनवर जाऊन बसली. तेव्हा अपडेट निर्धोक असते असे म्हणता येणार नाही. तुलना करायची तर ती दोन धोक्यांची करावी लागते. दूषित अपडेट ही इतकी विरळा घटना आहे की ती घडली की जगभर बातमी होते. जुन्या, उघड झालेल्या दोषातून मशीन फोडले जाणे रोजचे आहे आणि त्याची बातमी होत नाही. शिवाय दुरुस्ती जाहीर होणे म्हणजे दोष नेमका कुठे आहे हे चोरालाही कळणे. अपडेट न टाकणारा माणूस त्या दिवसापासून आदल्या दिवसापेक्षा अधिक असुरक्षित असतो. आणि सीसीक्लीनरच्या उदाहरणातून घ्यायचा धडा वेगळाच आहे: ज्याची गरज नाही असे सॉफ्टवेअर मशीनवर ठेवूच नये. ‘पीसी फास्ट करा’ छापाची साधने या पुस्तकात कुठेही सुचवलेली नाहीत, ती त्यामुळेच.

अपडेटने मशीनमधला दोष बुजतो. माणसाला फसवता येते त्याचे काय? ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून सुटलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पंचवीस वर्षांसाठी देऊन ठेवले. ओळखीच्या माणसाकडून ईमेल येई, सोबतच्या फाइलचे नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. विंडोज फाइलच्या नावातली शेवटच्या बिंदूनंतरची अक्षरे आपणहून लपवते, आजही लपवते. त्यामुळे समोर दिसे ते साधे टीएक्सटी, म्हणजे निरुपद्रवी मजकूर. आणि दाबले की चाले तो प्रोग्राम. आता हाच खेळ घरातल्या दुसऱ्या संगणकावर, म्हणजे फोनवर, कसा रंगतो ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, कधी वाहतूक दंडाची पावती, कधी बँकेच्या केवायसीचा फॉर्म. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइडचे अ‍ॅप. बोट लागताच फोन अडवतो आणि या ठिकाणाहून आलेले अ‍ॅप टाकायची परवानगी नाही असे सांगतो, शेजारी सेटिंग्जचे बटण. मालक घाईत सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी देतो. अ‍ॅप एसएमएस वाचायची मुभा मागते, तीही मिळते. कधी कधी याउपर गूगलचा ‘प्ले प्रोटेक्ट’ आणखी एक इशारा देतो, तोही ‘तरीही टाका’ म्हणून बाजूला सारला जातो. त्या क्षणापासून बँकेचा प्रत्येक ओटीपी मालकाच्या आधी दुसऱ्याच्या हाती पोचतो. या साखळीत संरक्षणाच्या यंत्रणेने दोन-तीनदा हात धरला होता, आणि तो मालकाने स्वतः सोडवून घेतला.

एपीकेमध्ये निदान पकडण्याजोगी घातक फाइल असते. पुष्कळ फसवणुकींत तेवढीही नसते. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज, खाली ‘अधिकाऱ्या’चा मोबाइल नंबर, फोन केला की तो दुसऱ्याचे मशीन दुरून पाहू देणारे ‘एनीडेस्क’सारखे अ‍ॅप टाकायला सांगतो आणि त्यातला नऊ आकडी क्रमांक विचारतो. एनीडेस्क हे जगभर दुरुस्तीवाले वापरतात ते रीतसर सॉफ्टवेअर आहे, म्हणून कुठलाही अँटिव्हायरस त्यावर बोंब मारत नाही आणि मारणे बरोबरही नाही. रिझर्व्ह बँकेने या अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल बँकांना २०१९ च्या फेब्रुवारीतच सावध केले होते. ‘डिजिटल अटक’ प्रकारात तर फक्त व्हिडिओ कॉल, एक खाकी गणवेश आणि भेदरलेला माणूस लागतो. पैसे तो माणूस स्वतः, स्वतःच्या बँकेत जाऊन, स्वतःच्या सहीने पाठवतो. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. आकडा वर्षात तिप्पट झाला. त्या वर्षात देशातले अँटिव्हायरस काही तिपटीने निकामी झाले नव्हते. वाढ झाली ती मालकाच्या हातूनच व्यवहार करवून घेण्याच्या कलेत.

मग अँटिव्हायरस काढूनच टाकावा का? मुळीच नाही. चोरांचे जुने फोटो ओळखणाराही उपयोगाचा असतो, कारण जुने चोर अजून फिरतात. मित्राच्या पेन ड्राइव्हवरून किंवा फोटोकॉपीच्या दुकानातून आजही दहा वर्षांपूर्वीचे व्हायरस घरी येतात. एवढेच, की हे काम करणारा प्रोग्राम विंडोजमध्ये आधीच बसलेला असतो. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आपला अँटिव्हायरस फुकट द्यायला सुरुवात केली आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ या नावाने तो सोबतच येतो. सुरुवातीला तो खरोखर कच्चा होता आणि चाचण्यांत तळाशी असे. ‘फुकटचा तो फुकटचाच’ ही दुकानी म्हण त्या दिवसांची आहे. गेली काही वर्षे एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थांच्या चाचण्यांत तो नावाजलेल्या विकतच्या मालाच्या बरोबरीने उभा राहतो. विकतचा डबा घेणाऱ्याला काही जास्तीच्या सोयी मिळतात, मुलांच्या वापरावर लक्ष ठेवणे, फोनसाठी वेगळे अ‍ॅप, अडचणीत मराठीतून बोलणारे मदत केंद्र. ज्यांना त्यांची गरज आहे त्यांनी जरूर घ्यावा. मदत केंद्राचे मोल तर मी फार मोठे समजतो. पण एकाच मशीनवर दोन-दोन अँटिव्हायरस घालून दुप्पट सुरक्षित होण्याचा प्रयत्न कोणी करू नये. मशीन रडतखडत चालते, एवढेच त्यातून साधते.

विकत घेताना आणखी एक गोष्ट लक्षात असावी. मशीनवरची प्रत्येक फाइल पाहण्याचा आणि कुठलीही अडवण्याचा अधिकार आपण ज्याला देतो, त्याच्या चुकीची किंमतही तेवढीच मोठी असते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवून बाजूला काढली आणि हजारो मशीन पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू होत राहिली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर नेऊन उभी केली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ते कंपन्यांसाठीचे उत्पादन होते, घरगुती मशीन त्यात वाचली, पण तत्त्व तेच. अव्हास्ट या घरगुती वापरात प्रचंड खप असलेल्या कंपनीने आपल्या उपकंपनीमार्फत ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकली. ते २०२० मध्ये उघड झाल्यावर ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ही उदाहरणे दिली की ‘मग काहीच नको’ असे म्हणणारे भेटतात. तसे ते नाही. अधिकार कोणाला देतो आहोत याचा विचार फोन विकत घेताना करतो तेवढा तरी करावा, इतपत अर्थ पुरे.

‘माझ्या मशीनवर आहे काय चोरण्यासारखे?’ हा आक्षेप निवृत्त मंडळींकडून हमखास येतो. त्यामागे असे चित्र असते की कुठेतरी कोणी बसून आपल्यासारख्याची निवड करतो. निवड कोणी करत नाही. एखाद्या खरेदीच्या किंवा नोकरीच्या वेबसाइटवरून लाखो ईमेल-पासवर्ड चोरीला जातात आणि प्रोग्राम त्याच जोड्या जीमेल, फेसबुक, बँक असे एकेका दारावर आपोआप लावून पाहतो. ज्याने सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला त्याचे खाते उघडते. त्याचा संगणक किती सुरक्षित होता याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. म्हणून ईमेलचा पासवर्ड तरी इतर कुठेही न वापरलेला हवा आणि त्यावर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू हवी, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन पडते. एवढे पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? पासवर्ड मॅनेजर वापरावा. जमत नसेल तर सरळ वहीत लिहून वही कपाटात ठेवावी. ‘कधीही लिहून ठेवू नका’ हा नियम मॉनिटरला चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या कचेऱ्यांसाठी होता. आपले पासवर्ड वापरून पाहणारा प्रोग्राम दुसऱ्या खंडातल्या सर्व्हरवर चालतो, तो आपले कपाट उघडायला येत नाही. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याचा जुना दंडकही अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच मागे घेतला; सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात.

आपल्याकडच्या एका सवयीबद्दल मात्र थोडे कठोर बोलायला हवे. ‘क्रॅक’ केलेले फोटोशॉप, ऑफिस किंवा विंडोज टाकणे हा पुष्कळ घरांत आणि छोट्या धंद्यांत गुन्हा तर सोडाच, काटकसरीचा भाग समजला जातो. त्या क्रॅकसोबतची सूचना वाचून पाहावी: पहिलीच पायरी असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. कारण दिलेले असते की तो चुकून धोक्याची सूचना देतो. घरगुती मशीनवर सर्वांत जास्त फिरलेल्या खंडणीखोर प्रोग्रामांच्या एका कुळाने, ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ने, नेमकी हीच वाट धरली, क्रॅक आणि की-जनरेटरच्या रूपाने तो मशीनवर येई आणि मुलांच्या बारशापासूनचे फोटो कुलूपबंद करी. अशा घरात दोन हजारांचा अँटिव्हायरस असला काय आणि नसला काय, मालकाने तो त्या पाच मिनिटांपुरता स्वतःच बंद केलेला असतो. परवडत नाही ही अडचण खरी आहे. पण लिबरऑफिस, गिंप, इंकस्केप यांसारखी फुकट आणि कायदेशीर साधने आज युनिकोड मराठीत व्यवस्थित काम करतात. जुन्या फाँटात अडकलेल्या डीटीपीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्याला एक आख्खे प्रकरण दिले आहे.

खंडणीखोरीवर खरा उतारा बॅकअपचा. त्याबद्दल इथे एवढेच की सतत मशीनला जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे, कारण मशीनवरच्या फाइल्स कुलूपबंद करणारा प्रोग्राम तिच्यावरच्याही करतो. डिस्क जोडावी, नक्कल घ्यावी, काढून ठेवावी.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सामान्य माणसाने हे सगळे का शिकावे? बँका, मोबाइल कंपन्या आणि सरकार यांनी ते करायला हवे. करायलाच हवे, आणि काही प्रमाणात होतेही. सीईआरटी-इन या सरकारी संस्थेचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून मशीन साफ करण्याची साधने फुकट देते. विंडोज एक्सपीची फायरवॉल २००४ मध्ये आपोआप चालू झाली तेव्हा वापरकर्त्याने काहीही न शिकता लाखो मशीन वाचली. अशा एका निर्णयाची बरोबरी दहा पुस्तकांना जमणार नाही. पण आजचे नियम पाहावेत. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नसेल, ग्राहकाचीही नसेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा येत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड त्याने स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. म्हणजे फसवणुकीच्या ज्या प्रकारात सर्वांत जास्त पैसे जातात त्याच प्रकारात ग्राहक सर्वांत एकटा आहे. हा नियम बदलावा असे माझे मत आहे. तो बदलेपर्यंत १९३० हा हेल्पलाइन क्रमांक पहिल्या तासात फिरवणे आणि त्याआधीची सावधगिरी, एवढेच घरच्या माणसाच्या हाती उरते.

पुस्तक सलग वाचलेच पाहिजे असे नाही. मात्र ज्यांच्या घरी विंडोज १० चे मशीन आहे त्यांनी दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या आवृत्तीचा नियमित पाठिंबा थांबवला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी जास्तीची मुदत ठेवली आहे. ज्या मशीनचा प्रोसेसर जुना आहे किंवा ज्यात टीपीएम २.० ही चिप नाही त्यांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही, आणि अशा मशीनवर नवा अँटिव्हायरस टाकून ‘आणखी चार वर्षे चालेल’ असे सांगणारे दुकानदार आत्ताच भेटू लागले आहेत. त्याऐवजी ते मशीन लिनक्सवर कसे न्यावे, किंवा निदान बँकेचे व्यवहार त्यावरून कसे हलवावेत, याच्या पायऱ्या त्या प्रकरणात चित्रांसह दिल्या आहेत.